श्रावणातला ताप

आमच्या घरात एका तापाला स्वतंत्र नाव होतं. श्रावणातला ताप. श्रावण लागला की दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी तो मला यायचा आणि पाचव्या-सहाव्या दिवशी जायचा. अंगाला थरथर, दरदरून घाम, अन्नावर वासना नाही, झोप नाही. तो येणार हे ठरलेलं असल्यामुळे बायको माळ्यावरची जाड गोधडी आधीच काढून ठेवायची आणि परसातला गवती चहा तोडून आणायची. मुलगी शाळेत होती तेव्हा मैत्रिणींना सांगायची की आमच्या बाबांना श्रावणात ताप येतो. दुसऱ्या कुणी आपल्याकडे श्रावणात सत्यनारायण असतो असं सांगावं, तशा सुरात.

दोनदा डॉक्टरांकडे न जाता परस्पर प्रयोगशाळेत रक्त तपासून घेतलं. मलेरिया निघाला नाही. पावसाळी हवा, खाऱ्या वाऱ्याची सर्दी, समुद्राकाठचं घर अशी कारणं होती आणि ती सगळ्यांना पुरत होती. मलाही पुरत होती.

मी श्रीवर्धन तालुक्याचा वार्ताहर होतो. जिल्ह्याच्या एका दैनिकासाठी पंचवीसेक वर्षं बातम्या पाठवल्या. सुरुवातीला आमच्या वृत्तसंपादकांनी एक गोष्ट शिकवली होती. मजकुरात ‘नेहमी’ हा शब्द आला की थांबायचं आणि किती वेळा, कुणी पाहिलं, असं विचारायचं. दुसरी गोष्ट, अपघाताच्या बातमीत चालक दारू प्यायलेला होता असं डॉक्टरांच्या तपासणीशिवाय लिहायचं नाही. लोक सांगतात, एवढ्यावर तर नाहीच. हे नियम मी कसोशीने पाळले. ‘दारूच्या आहारी गेलेला’ हे शब्दही मी कितीतरी वेळा लिहिले, बहुतेक आत्महत्येच्या किंवा मारहाणीच्या बातमीत. आहारी जाणं नेमकं कुठून सुरू होतं, हे त्या बातम्यांत लिहावं लागत नसे.

माझं पिणं सुरू झालं ते बातमी पाठवून झाल्यावर. आम्ही तिघे होतो. एक सुपारीचे बागायतदार, एक एसटीचे वाहतूक नियंत्रक आणि मी. बागायतदारांच्या वाडीत विहिरीजवळ एक पडवी होती, तिथे बसायचं. सोमवार, गुरुवार, शनिवार घ्यायची नाही. या दिवसांना आमच्याकडे ‘वार’ म्हणतात आणि जो वार पाळतो तो दारुडा नव्हे, असा समज आहे. दारुड्याला वार नसतो. श्रावण पाळणारा तर त्याहून वरचा. मी श्रावण पाळायचो आणि पुढे गणपती जाईपर्यंत ओढायचो. चाळीस दिवस थेंब नाही. गावातल्या नवरा पिणाऱ्या बायकांना माझं उदाहरण दिलं जायचं.

नोकरी संपल्यावर वेळ अलीकडे आली. आठची सहा झाली, सहाची चार. मग वारांपैकी गुरुवार गेला. तो मुळात आमच्या घराण्यात नव्हताच, असं मी बायकोला सांगितलं आणि ते खरंही होतं. नंतर शनिवार गेला. सोमवार राहिला, पण रविवारच्या बाटलीत उरलेलं सोमवारी सकाळी दाढीच्या आधी घेतलं तर ते रविवारचंच, असा हिशेब मी लावला. ब्लेड धरायला हात स्थिर लागतो. हे मी आज जितक्या सरळ लिहितो आहे तितकं ते तेव्हा सरळ दिसत नव्हतं. एकेका बदलाला त्या त्या वेळी कारण होतं आणि प्रत्येक कारण तपासलं तर खरं निघालं असतं.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी श्रावण दोन आले. आधी अधिक, मग निज. आषाढी अमावस्येला, म्हणजे गटारीला, पडवीत वाद झाला की यातला पाळायचा कुठला. बागायतदारांचं मत, देवाचा महिना तो देवाचा, दोन्ही पाळा. वाहतूक नियंत्रकांनी निकाल दिला.

“अधिक म्हंजे जादा गाडी. जादा गाडीला पास चालत न्हाय.”

बागायतदार हसले आणि वाद संपला. बऱ्याच घरांत असंच ठरलं होतं. निज श्रावण पाळायचा. गटारी मात्र आम्ही दोन्ही अमावस्यांना केली.

अधिक महिन्यात जावयाला जेवायला बोलावून अनारसे द्यायची पद्धत आहे. मुलगी, जावई आणि दोन वर्षांची नात पनवेलहून आली. मुलगी आणि जावई दोघेही नोकरी करतात. नातीला दिवसभर सांभाळणाऱ्या शेजारीणबाई दिवाळीनंतर कायमच्या गावी जाणार होत्या. तोवर मुलीला दुसरी सोय लावायची होती आणि तिने ती आमच्याकडे लावायचं ठरवलं होतं. एक वर्ष नात श्रीवर्धनला राहील. बायकोची शाळेची नोकरी अजून एक वर्ष होती. म्हणजे सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच मूल माझ्या एकट्याच्या ताब्यात असणार होतं. मला हे हवं होतं. निवृत्तीनंतर कुणी माझ्यावर काही सोपवलं नव्हतं.

मुलगी नातीच्या सामानाची एक पिशवी इथे ठेवून जायला आधीच घेऊन आली होती. झबली, दुपटं, स्टीलची वाटी आणि बटण दाबल्यावर पीं पीं वाजणारं थर्मामीटर. जेवताना ती सहज म्हणाली, “बाबा, यंदा ताप नाही आला?”

श्रावण लागून नऊ दिवस झाले होते. पाऊस धो धो होता, खारा वाराही होता. मी म्हणालो, हा अधिक आहे. ती म्हणाली, तापाला अधिक-निज कळतं का? सगळे हसले. मीही हसलो, पण ताटावरून उठेपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. वाक्यात काहीतरी चुकलेलं आहे आणि ते सापडत नाही, असं छपाईआधीची मुद्रितं वाचताना होतं, तसं झालं.

निज श्रावण लागला त्या दिवशी मी नियमाप्रमाणे बंद केली. दुसऱ्या दिवशी दुपारी हात थरथरू लागले. चहाचा कप बशीवर वाजत होता. संध्याकाळी घाम सुटला. बायकोने गोधडी आणली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आत झोपलेलो असताना बायको स्वयंपाकघरात कुणा बाईशी बोलत असल्याचं मला ऐकू आलं. कोण आलं आहे, असं मी विचारलं. कुणी नाही, ती म्हणाली. दोघींचं बोलणं पुन्हा सुरू झालं. मी उठून दाराशी गेलो. बायको एकटीच होती आणि गप्प उभी राहून नारळ खवत होती.

तिने मला पलंगावर बसवलं. कपाळाला हात लावला, मग काहीतरी आठवल्यासारखी उठली आणि नातीच्या पिशवीतलं थर्मामीटर घेऊन आली. पीं पीं झाल्यावर तिने ते खिडकीशी नेऊन वाचलं. परत काखेत लावलं. परत वाचलं.

“अहो, ताप नाहीये.”

मी म्हणालो, बिघडलं असेल. तिने स्वतःला लावून पाहिलं. तिलाही नव्हता. मग ती माझ्यासमोर स्टुलावर बसली.

“इतक्या वर्षांत आपण कधी मोजला होता का हो?”

मोजला नव्हता. एकदाही नाही. घाम होता, थरथर होती, गोधडी होती, म्हणून ताप होता. पंचवीस वर्षं दुसऱ्यांना पुरावा मागणाऱ्या माणसाच्या घरात एका तापाला नाव होतं आणि त्याचा आकडा कुणाकडेच नव्हता.

त्यानंतरचा अर्धा तास मला नीट सांगता येत नाही. मी तिला समजावत होतो की चाळीस दिवस न पिणारा माणूस दारूत अडकलेला असू शकत नाही. ती नाही म्हणत नव्हती. ती फक्त बोटांवर मोजत होती. अधिक श्रावणात पाऊस होता, ताप नव्हता. पाऊस तोच, घर तेच, महिन्याचं नावही तेच. बदललं होतं एकच. माझा मुद्दा मला खरा वाटत होता आणि तिची बोटंही खरी होती. दोन्ही एकत्र कसं बसतं ते मला कळेना. आजही एखाद्या दिवशी कळत नाही.

तालुक्याच्या डॉक्टरांनी आधी नाडी, रक्तदाब पाहिला. मग किती घेता, असं विचारलं. मी सांगितलं. बायकोने आकडा दुरुस्त केला. पुढचा प्रश्न त्यांनी अगदी सहज विचारला. “सकाळी उठल्यावर लागते का?”

“लागत नाही. घेतो.”

डॉक्टर लिहायचे थांबले. आमच्याकडे दारूसाठी ‘घेणे’ हेच क्रियापद आहे. घेता का, थोडी घ्या, हल्ली घेत नाही. घेणारा मालक असतो. ‘लागते’ म्हटलं की मालक बदलतो. मी आयुष्यभर शब्द तोलून वापरले होते आणि हाही तोलूनच वापरला होता, हे त्यांच्या चेहऱ्याकडे पाहताना माझ्या लक्षात आलं.

त्यांनी जे सांगितलं त्याने माझा गोंधळ वाढला. माझ्यासारख्याने अशी एका दिवसात बंद करणं धोक्याचं आहे, फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो, थांबायचं ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली. म्हणजे मी निरोगी असल्याचा पुरावा म्हणून दरवर्षी जे करत होतो तेच आजाराचं लक्षण होतं आणि माझ्या सगळ्या वर्तनातला सर्वांत जोखमीचा भागही तोच. मी विचारलं, मग श्रावण पाळू नको? ते म्हणाले, श्रावण पाळा हो, पण आधी इथे या.

त्याच दिवशी मला अलिबागला नेऊन दाखल केलं. आठ दिवस तिथे होतो. गोळ्या, सलाइन, झोप. शेजारच्या खाटेवर थळचा एक मासेमार होता. त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, कशाने? मी म्हणालो, ताप. तो म्हणाला, “मना बी तोच हाय,” आणि कुशीवर वळला.

या दिवसांत मी मनाशी एक काम केलं. हा ताप पहिल्यांदा कुठल्या वर्षी आला ते ठरवायचं. मुलगी चौथीत होती की सहावीत? जुन्या घरात गोधडी काढल्याचं आठवतं, म्हणजे त्याआधी. पण त्या घरातल्या एका श्रावणात मी रोज सायकलवरून जीवनाबंदरला जाऊन बातमी आणल्याचंही आठवतं, तेव्हा हात चांगले होते. बायकोला विचारलं तर तिने तिसरंच वर्ष सांगितलं. तारीख निश्चित झाली नाही. कधीपासून, हा बातमीतला साधा प्रश्न, आणि त्याचं उत्तर मला अजून लिहिता आलेलं नाही.

घरी आल्यावर मुलीला कळवायचं होतं. ती दिवाळीची वाट पाहत होती. मला वाटत होतं की आता मी बरा झालो आहे, तिला काही सांगायची गरज नाही. मग वाटायचं, दरवर्षी पाचव्या दिवशी मी असाच बरा होत होतो. बायकोला म्हटलं, तू सांग. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, “बातमी तुमची आहे. तुम्हीच द्या.”

मी फोन केला. जे झालं ते क्रमाने सांगितलं, विशेषणं न वापरता. अधिक महिना, निज महिना, थर्मामीटर, डॉक्टरांचा प्रश्न, माझं उत्तर. शेवटी म्हणालो की दिवाळीनंतर नातीला इथे पाठवू नको. निदान या वर्षी नको. मी पुन्हा घेणार नाही असं मी ठरवलं आहे, पण मी काय ठरवतो यावर तू मुलाची सोय लावू नयेस, असं माझं मत आहे.

फोनवर तिच्या मागे नात भांडं वाजवत होती. मग तिने विचारलं, “मी लहान असताना तुम्ही मला सायकलवर पुढे बसवून समुद्रावर न्यायचात. तेव्हा?”

मी म्हणालो, आठवत नाही. ते खरं होतं. तेव्हा प्यायलेलो होतो की नव्हतो, हे मला खरोखर सांगता येत नव्हतं. दोन्ही शक्य होतं.

ती पाळणाघर शोधते म्हणाली. रजा किती उरली आहे, ते मोजून सांगितलं. मी विचारलं की पिशवी एसटीने परत पाठवू का.

“पिशवी राहू दे तिथेच,” ती म्हणाली. “थर्मामीटर तेवढं पाठवा. इथे लागतं.”

दुसऱ्या दिवशी बायकोने ते दुपट्याच्या जुन्या तुकड्यात गुंडाळून दिलं आणि मी सकाळच्या पनवेल गाडीच्या वेळेला स्टँडवर गेलो. वाहतूक नियंत्रक तिथे नेहमीप्रमाणे खांबाजवळ उभे होते. पडवीत का दिसत नाही, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, श्रावण आहे. ते म्हणाले, तो तर आम्हीबी पाळतोय, बसायला काय होतं? गाडी लागली होती. मी कंडक्टरकडे पुडकं दिलं आणि आत औषधाची वस्तू आहे, सांभाळून न्या, असं सांगितलं.