मोतीरामच्या गाडीचं वॉशर

माझी शेवटची पोस्टिंग लडाखमध्ये होती. मी वर्कशॉपचा हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. रोज सकाळी सहाला गाड्या चालू करायच्या, साडेसातला पहिली रवाना. एक नियम होता. ज्याने काम केलं त्याने टेस्टला ड्रायव्हरशेजारी बसायचं, मगच जॉब कार्डवर सही करायची.

ड्रायव्हर नायक मोतीराम राठोड आमच्या दिग्रसजवळच्या तांड्यावरचा. आम्ही दोघं वऱ्हाडी बोलायला लागलो की बाकीच्यांना वाटायचं, भांडताहेत.

एका दुपारी मी त्याच्या गाडीचा डिझेल फिल्टर आणि टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप बदलला. पाइपच्या बोल्टखाली तांब्याचं वॉशर लागतं, दर वेळी नवं. स्टोअरमध्ये नव्हतं. मी जुनंच उलटं करून बसवलं. असं पूर्वीही केलं होतं आणि निभावलं होतं.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला मोतीराम आला.

"उस्ताद, उभ्या उभ्या थरथरून राह्यली. रेस देली तं ओढत नाही."

"हवा पातळ आहे इथं. तुले दम लागते, तिले नाही लागणार?"

"काल तं नव्हती अशी. चालता का संगं, टेस्टले?"

माझ्या हातात गरम चहा होता. म्हटलं, जाय तू. बॉनेटवर कार्ड ठेवून सही केली. त्या उंचीवर प्रत्येक गाडी थोडी कुरकुरते, हे खरं होतं. त्या खऱ्या गोष्टीआड मी माझा आळस लपवला.

मोतीराम रेशन घेऊन एकटाच निघाला. वाटेत दगडांचा पट्टा होता. ऊन चढलं की वरचं बर्फ सुटायचं आणि दगड खाली यायचे. तो पट्टा दहाच्या आत पार करायचा, मध्ये थांबायचं नाही. नऊ चाळीसला वर्कशॉपमधला वायरलेस सेट वाजला.

"उस्ताद, पट्ट्यात हाव. गाडी बंद पडली. ओव्हर."

तेव्हा लख्ख कळलं. वॉशरमधून हवा आत जात होती, डिझेल पोचत नव्हतं. मी हुकूम दिला, "हँड पंप मार, एअर काढ. ओव्हर."

"गाडी सोड आणि पळ" असं म्हणायला हवं होतं. मी मेकॅनिक, मला गाडीच दिसली. नऊ सेहेचाळीसला त्याचा आवाज शेवटचा आला. नंतर मी हाका मारत राहिलो.

इन्क्वायरीत मी वॉशरचं आणि सहीचंही सांगितलं. मेजरसाहेब म्हणाले, दगड वॉशर बघून पडत नाहीत. मला शिक्षा झाली नाही. झाली असती तर बरं झालं असतं. सुट्टीत दोनदा तांड्यावर गेलो. दोन्ही वेळा त्याच्या आईच्या हातचा चहा पिऊन, काही न सांगता परत आलो.

आता पेन्शनवर आहे. दिग्रसला शकीलभाईंच्या गॅरेजवर बसतो. गेल्या महिन्यात मोतीरामचा धाकटा भाऊ गुलाब गाडी घेऊन आला. गावातच कुणीतरी फिल्टर आणि पंप बदलून दिला होता. उभी असली की थरथरत होती, चढाला ओढत नव्हती. गुलाबचं म्हणणं, नवा पंपच खराब निघाला. मी डिझेलच्या लाइनला पारदर्शक नळी लावली. बुडबुडे दिसले. बोल्ट खोलला. वॉशर जुनं होतं.

"म्हंजे बसवणाऱ्याची चूक," गुलाब म्हणाला.

"हो. तुझ्या भावाच्या गाडीतबी असंच जुनं होतं. ते मी बसवलतं."

मग सगळं सांगितलं. चहा, सही, हुकूम. शकीलभाई हातातलं काम ठेवून आत गेले. मी नवं वॉशर घातलं, एअर काढली, गाडी चालू केली. इंजिन एका लयीत चालू लागलं. गुलाबने स्टिअरिंगवर बसून पलीकडचं दार उघडलं.

"बसा. टेस्टले संगं चाला."

मी बसलो. गाडीने गावाबाहेरचा चढ सहज घेतला. माथ्यावर त्याने गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं.

"शेवटी काय बोलला तो?"

"म्हणाला, एअर निघून राह्यली, उस्ताद. काळजी नोका करू. दोन मिन्टात निघतो."