मैत्रीचं हिमोग्लोबिन आणि आम्ही सगळे

त्या आठवड्यात माझी झोप उडवली ती एका बर्थडेच्या फोटोने. आमच्या वाघोलीच्या सोसायटीतली सगळी चिल्लीपिल्ली केकभोवती उभी, सगळ्यांचे गाल कसे टवटवीत, आणि माझी पाच वर्षांची लेक मैत्री मात्र मागच्या भिंतीच्या रंगाची! "फ्लॅशमुळे दिसतंय गं तसं," नवरा म्हणाला. फ्लॅशने बाकीच्यांना कसं सोडलं, ते काही त्याला सांगता येईना. मग मी नेटवर 'मूल फिकट दिसणे' असं शोधलं. ज्यांनी हे कधी केलंय, त्यांना पुढचं सांगायला नको.

निदान साधंच निघालं. अ‍ॅनिमिया. अंगात लोह कमी. "तीन महिने औषध द्या, मग पुन्हा तपासू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तेव्हाही वाढलं नसेल, तर मोठ्या हॉस्पिटलात दाखवावं लागेल." बाकीचं सगळं मी विसरले. त्या 'नसेल तर'ने डोक्यात मुक्काम ठोकला.

पण घरात आजारपण आलं, की बाटल्यांच्या आधी किस्से साठायला लागतात. रडायच्या बेतात असताना मी ज्यांना हसले, असे हे काही.

*

पहिल्याच भेटीत बाईंनी विचारलं, "दूध किती पिते?"

एवढा एकच प्रश्न मला येत होता. "लिटरभर तर सहज! मागून घेते!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग जेवते कधी?"

दुधात लोह जवळजवळ नसतंच, पोट मात्र भरतं, आणि जेवणातलं लोह अंगी लागायलाही ते आडवं येतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. म्हणजे इतके दिवस शेजारपाजारी ज्याची फुशारकी मारली, तेच नडलं होतं.

सासूबाई, म्हणजे आमच्या आई, नागपूरहून आल्या होत्या. त्यांना हे अजिबात पटलं नाही. "दुधानं काऊन रक्त कमी होईन वं? डॉक्टरीण बाई गवळ्यावर चिडून राहिली का?" पण दुसऱ्या दिवशी त्यांनी गुपचूप मैत्रीच्या भातुकलीतला पेला घासून काढला आणि त्यात दूध ओतलं. आजीने दोनदा दूध दिलं म्हणून मैत्री खूश, दूध कमी झालं म्हणून डॉक्टर खूश, आणि नातीला नाही म्हणावं लागलं नाही म्हणून आई खूश!

*

"माती, खडू, असलं काही खाते का?" हेही बाईंनी विचारलं होतं. मी "छे हो!" म्हणाले होते. आपल्या घरी कुठे असलं काही असतं, अशा थाटात.

आठवड्याभराने शाळेतल्या टीचरनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, मैत्रीला आता फळा पुसायला बोलवत नाही आम्ही. खडूंच्या डब्यापाशीच रेंगाळते."

घरी येऊन पलंग ओढला. मागच्या भिंतीचा तळहाताएवढा पोपडा गायब!

नवरा खाली वाकून बघत म्हणाला, "बिल्डरने दिलेली एक तरी गोष्ट कोणाला आवडली."

मी हसले. मग त्या खड्ड्यावर हात ठेवला. पोरीचं अंग महिनोन्महिने काहीतरी मागत होतं, भिंतीकडे मागत होतं, आणि मी स्वयंपाकघरात दूध कोमट करत होते. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. "लोह भरून आलं की ही ओढ आपोआप जाते. तोवर रंग पोटात जायला नको, पलंग भिंतीला घट्ट लावा," एवढंच म्हणाल्या.

*

आईंनी येताना साडीत गुंडाळून लोखंडी कढई आणली होती. त्यांनी तिच्यात पालक केला, वर लिंबू पिळायचं म्हणून काढून ठेवलं, आणि अंघोळीला गेल्या. बाहेर आल्या तर कढई लखलखीत घासलेली, आणि गॅसवर नॉनस्टिकमध्ये नवीन भाजी!

"माझा पालक कुठं गेला वं?"

"टाकून दिला की, आज्जी," आमच्या पोळीवाल्या मावशी म्हणाल्या. "काळा पडला हुता. लेकराला कसा द्यायचा?"

दुपारपर्यंत दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. मग पोळ्या लाटता लाटता मावशी एकदम म्हणाल्या, "माझ्या आईची बी अशीच कढई हुती. मीच तिला हट्टानं मोडीत घालायला लावली. जुनाट दिसती म्हणून."

आईंनी मावशींच्या चहात जास्तीची साखर घातली फक्त.

*

लोहाचं औषध सुरू होऊन चार-पाच दिवस झाले असतील. मी ऑफिसात, हेडफोन लावून कॉन्फरन्स कॉलवर. मोबाइलवर आईंचा फोन. मी कॉल म्यूट केला, निदान तसं मला वाटलं, आणि मोबाइल कानाला लावून ओरडले, "काय? शी काळी झाली? पूर्ण काळी? डांबरासारखी?"

हेडफोनमधून क्लायंट बिचारा इंग्रजीत म्हणाला, "सगळं ठीक आहे ना?"

तेवढ्यात स्क्रीनवर टीममधल्या पाटीलचा मेसेज आला. कोल्हापूरचा पोरगा, दोन वर्षं शेजारी बसतो, पण सॉफ्टवेअरमधल्या बगशिवाय दुसऱ्या विषयावर कधी बोललेला नाही. 'मॅडम, आयर्न चालू आहे का? मग नॉर्मल आहे. आमच्या पिल्लूचं पण झालेलं. बायकोनं रात्री डॉक्टरला उठवलेलं. दात पण काळे होतील, घाबरू नका.'

त्याला मूल आहे, हे मला तेव्हा कळलं!

*

खालच्या मजल्यावरच्या लेलेकाकू एक दिवस डबा घेऊन दारात. "अळिवाचे लाडू आहेत."

"अय्या, काकू! मैत्रीला आवडतील!"

"मैत्रीला तिची आजी आहे. हे तुमच्यासाठी."

"मला काय झालंय?"

"मी डॉक्टर नाही, त्यामुळे ते सांगत नाही. पण परवा लिफ्ट बंद होती, तेव्हा तुम्ही माझ्या दाराची चौकट धरून उभ्या होतात. बेल वाजवायला आला होतात असं काही वाटलं नाही."

मी हसून विषय टाळला. लाडू अर्थातच मैत्रीला गेले. डबा परत दिला, तर काकूंनी आत डोकावून पाहिलं. "रिकामा आहे. छान. खाल्ले कोणी, ते विचारत नाही."

*

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. तो बघून डॉक्टरबाई हसल्या, तेव्हा कुठे माझ्या खांद्यावरून काहीतरी उतरलं. "छान वाढलंय! औषध मात्र लगेच थांबवू नका, मी सांगेन तोवर द्या."

मी उठले आणि खुर्चीचा हात धरून पुन्हा खाली बसले. बाईंनी पुढे होऊन माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली.

"तुमचं कधी तपासलं होतं?"

"बाळंतपणात... बहुतेक."

"थकवा येतो? दम लागतो?"

"नाही हो. म्हणजे ऑफिस, घर, एवढं होणारच ना थोडं."

"कधीपासून?"

"अलीकडेच. खरंच, विशेष काही नाही."

मैत्री शेजारच्या खुर्चीत पाय हलवत बसली होती. तिने पाय थांबवले आणि डॉक्टरबाईंना सांगितलं,

"मी झाल्यापासून."