कांद्याच्या गोणीने वाचवलेलं मशीन

मंडळी, आजची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी कुळगावात शिवणकाम करते. आज दुपारी माझं पहिलं इंटरलॉक मशीन उल्हासनगरहून आणत होतो. नवरा मोटारसायकल चालवत होता, मी मागे बसले होते आणि मशीन गाडीला जोडलेल्या छोट्या ट्रॉलीत बांधलं होतं.

अंबरनाथच्या चढावर ट्रॉलीच्या हुकाची पिन निघाली. खाडकन आवाज आला म्हणून वळले, तर ट्रॉली सुटून उलटी खाली निघालेली! मी नुसती ओरडले.

रस्त्याकडेला बसलेल्या भाजीवाल्या ताईंनी झटकन आपली कांद्याची गोणी चाकाखाली ढकलली. ट्रॉली थांबली. मशीनला ओरखडाही नाही. गोणी मात्र फाटली.

कांदे वेचता वेचता मला रडूच आलं. त्या म्हणाल्या, "अगं बाय, फुटलेले कांदे आमच्या कालवणात जातील. मशीन फुटलं असतं तर काय केलं असतंस?" मग नवऱ्याकडे वळून, "आणि तू, पिन तारेने नीट बांध आता!"

गडबडीत त्यांचं नाव विचारायचं राहिलं. पिवळ्या छत्रीखाली बसतात. कोणी ओळखतं का त्यांना? मला त्यांच्यासाठी ब्लाउज शिवायचाय.