शाहीननं मला न सांगितलेलं

शाहीन गेल्याचा फोन आला तेव्हा मी उरवड्याच्या शाळेत तिसरीच्या वर्गावर होते. फोन तिच्या मुलीचा, सनाचा. "मावशी, अम्मी गेली," एवढंच म्हणाली. दोन वर्षं माझं आणि शाहीनचं बोलणं नव्हतं. मला रडू आलं नाही, आणि त्याचीच भीती वाटली...

शाहीन पिरंगुटची दातांची डॉक्टर, माझी वीस वर्षांपासूनची मैत्रीण. आमच्या शाळेतल्या पोरांचे किडलेले दात तीच भरायची. त्या भरणाला सगळे चांदी म्हणत, पण त्यात पारा असतो. पालकांच्या सह्या मी गोळा करायचे. माझ्या वर्गातल्या वैष्णवीची आई सुनंदा सही करताना अडली होती. "बाई, त्यात पारा असतुया म्हंत्यात. खरं हाय का?" मी शाहीनला विचारलं. "अगं, तो घट्ट बांधलेला असतो. निर्धास्त राहा," ती म्हणाली. मी सुनंदाला तेच सांगितलं. तिनं सही केली.

पुढे लहान मुलांना ते भरू नये असं डॉक्टरच सांगू लागले. शाहीननंही बंद केलं. त्याचं मला काही वाटलं नाही. औषधपाण्यातल्या गोष्टी बदलतातच. मग दोन वर्षांपूर्वी, तिच्या साखरपुड्यात सना खळखळून हसली आणि तिच्या दाढा दिसल्या. पांढऱ्या भरलेल्या, म्हणजे बिनपाऱ्याच्या. "नववीत असताना भरल्या अम्मीनं," ती सहज म्हणाली. म्हणजे तेव्हाच, ज्या वर्षी वैष्णवीचा दात भरला.

स्वयंपाकघरात मी शाहीनला गाठलं. ती बशा पुसत होती. "धोका नाही असं मी तेव्हाही मानत होते, आजही मानते," ती म्हणाली. "पण सनाच्या वेळी हात धजला नाही."

"आणि वैष्णवीच्या वेळी?"

ती बशा पुसत राहिली. नंतर तिनं तीनदा फोन केला. मी उचलला नाही.

मागच्या आठवड्यात सुनंदाकडे जाऊन सगळं सांगितलं. वैष्णवी आता कॉलेजात आहे, ठणठणीत. सुनंदा म्हणाली, "दात चांगला हाय पोरीचा. पर मी तुमाला इचारलं व्हतं, बाई. डॉक्टरला न्हाई."

सनानं मला तिच्या अम्मीचा दवाखान्यातला हातआरसा दिलाय. दात भरून झाला की शाहीन तो पोरांपुढे धरायची. "बघ, मी काय केलंय ते," म्हणायची. मी तो शाळेच्या कपाटात, हजेरीपटांखाली ठेवलाय... अजून बाहेर काढलेला नाही.