इंजिन पाहणारे मेहुणे

मुलीचं लग्न एक कप चहा संपेपर्यंत ठरवणारा आणि गाडीचं इंजिन ठरवायला सात वर्षं घेणारा माणूस पुण्यात एकच होऊन गेला, आणि तो माझ्या बायकोचा थोरला भाऊ होता. ‘होऊन गेला’ असं लिहिताना हात थांबतो. त्यांना जाऊन अजून दोन महिनेही झालेले नाहीत. बायको त्यांना दादा म्हणते म्हणून मीही दादा म्हणू लागलो. ते मला जावईबापू म्हणत, आणि त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे मला तीस वर्षांत उमगलं नाही. मी एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. पुस्तकांच्या कपाटांमधून वावरणाऱ्या माणसाला आयुष्यात धक्के फारसे बसत नाहीत. मला जे बसले, ते जवळजवळ सगळे दादांनी दिले.

दादा कसब्यात राहायचे आणि चिंचवडच्या एका कारखान्यात इंजिनांच्या चाचणीवर फोरमन होते. कारखान्यानं स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली तेव्हा पन्नाशीच्या आतच ते घरी आले आणि वहिनींच्या रोपवाटिकेत ड्रायव्हर म्हणून रुजू झाले. हा हुद्दा वहिनींनी दिलेला. वहिनी मूळच्या मांजरीच्या, रोपवाटिका त्यांच्या माहेरच्या जमिनीवर. “मालकीण मी, हे ड्रायव्हर,” असं त्या गिऱ्हाइकांना सांगत आणि दादा मागे उभं राहून टोपी काढून नमस्कार करत. साऱ्या धंद्याचा भार एका निळ्या पिकअपवर होता. ही गाडी दादांनी कुठल्याशा सरकारी खात्याच्या लिलावात घेतलेली, त्यांच्या लग्नापेक्षा जुनी आणि वहिनींच्या मते जास्त लाडकी. तिचं इंजिन पेट्रोलचं. ते पाण्यासारखं पेट्रोल प्यायचं, आणि हौद्यात भरलेल्या कुंड्या असल्या तर साधा पूल चढतानाही मध्येच थांबून विचार करायचं. गुलाबाची रोपं, शोभेचे पाम, शेणखताची पोती, सगळं मांजरीहून शहरात त्याच गाडीतून यायचं. गाडी थांबली की वहिनींचा धंदा थांबे. म्हणून तिच्यात डिझेलचं इंजिन बसवायचं ठरलं. ‘ठरलं’ या शब्दाला दादांच्या लेखी किती लांबी असते, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याला कारणही होतं. तोवर त्यांच्या आयुष्यात निवडण्यासारखं काही आलंच नव्हतं. शाळा वडिलांनी ठरवली, नोकरी मामांनी लावली, बायको आत्यानं पाहिली. “स्कूटरसाठी नंबर लावून नऊ वर्षं थांबलो, जावईबापू,” ते सांगायचे. “शेवटी नंबर लागला तेव्हा रंग कोणता मिळेल असं विचारलं, तर तो माणूस माझ्याकडे असं बघायला लागला, जणू मी त्याची मुलगीच मागितली.” आणि आता एकाएकी बाजार उघडला होता. जपानहून वापरलेली इंजिनं लाकडी पेट्यांतून येऊ लागली होती, इथल्या कारखान्यांची नवी इंजिनं निघत होती, ट्रॅक्टरची होती, मोडीत निघालेल्या गाड्यांची होती. दादा या साऱ्याकडे जत्रेत हरवलेल्या माणसासारखे पाहत. “आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला विचारतंय, तुम्हाला कोणतं हवं? आणि मी लगेच उत्तर देऊ?” मला हे इतकं पटलं की मी मान डोलावली. ती मान मला सात वर्षं पुरली.

कारण दुसऱ्याच आठवड्यात पहाटे साडेपाचला नारायण पेठेतल्या माझ्या घराची बेल वाजली. दादा दारात, काखेत थर्मास, खिशात पांढराशुभ्र रुमाल, हातात वीतभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर. “चला, वानवडीला एक आहे.” इंजिन गार असतानाच पाहायचं, हा त्यांचा नियम. विकणारा माणूस आधी तापवून ठेवतो, म्हणजे खोड कळत नाही. ते ठीक, पण मी कशाला? “तुम्हाला इंजिनातलं काही कळत नाही म्हणून. कळणारा माणूस आधीच मत बनवून येतो.” मग मालक बनियनवर, तोंडात ब्रश धरून बाहेर यायचा आणि दादा आईनं लेकराच्या कपाळाला लावावा तसा बॉनेटला तळहात लावायचे. कोमट लागलं तर “रात्रीपासून ताप आहे का याला?” एवढंच विचारून परत फिरायचे. गार लागलं तर चालू करायला लावून तेलाची पट्टी रुमालाला पुसून पाहायची, स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून डोळे मिटून उभं राहायचं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. एकदा एकजण वैतागून म्हणाला, “अहो काका, घ्यायचंय की नाही?” दादांनी डोळे न उघडता सांगितलं, “थांबा, त्याचं बोलणं व्हायचंय अजून.”

कोथरूडला एकदा अंधारात घर चुकलं. दादांनी भलत्याच बंगल्यात शिरून कुणाच्या तरी कोऱ्या मोटारीच्या बॉनेटवर हात ठेवला. गॅलरीतून आवाज आला, “कोण आहे रे तिकडे?” पळून जाण्याऐवजी दादांनी वर पाहून खात्री दिली, “काळजी नको, गार आहे!” पाच मिनिटांत सारी गल्ली काठ्या घेऊन गोळा झाली. दादांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर पाहून त्यांचं काय मत झालं असेल ते झालं असेल, पण त्या गर्दीत आमच्याच कॉलेजातले संस्कृतचे प्राध्यापक होते. ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “सर, आपणसुद्धा?” पुढे कित्येक महिने मी त्यांना मागतील ती पुस्तकं मुदतीशिवाय दिली.

पण सर्वांत मोठा धक्का हडपसरचा. अपघातात सापडलेल्या एका टेम्पोचं इंजिन चांगलं आहे असं कळलं. दादांनी ते पाहिलं, ऐकलं, रुमालाला पुसलं, आणि म्हणाले, “आता ड्रायव्हरला भेटायला हवं.” तो घरी पायाला प्लास्टर घालून पलंगावर पडला होता. मी तब्येतीची चौकशी करणार तोच दादांनी विचारलं, “पडल्यावर आधी तुमची शुद्ध गेली, की आधी इंजिन बंद पडलं?” मला भिंतीत शिरावंसं वाटलं. पण तो बिचारा विचार करून म्हणाला, “इंजिन चालूच व्हतं की. मी खाली पडलोय, आन त्याचं आपलं धडधड सुरूच.” दादांनी बाहेर येऊन खिशातल्या इंजिनांच्या यादीतून ते नाव खोडलं. “माणूस खाली पडल्यावरही चालू राहतं. निर्दयी इंजिन आहे, आपल्या घरात नको.” दुसऱ्या दिवशी मात्र त्या ड्रायव्हरच्या घरी गुलाबाच्या दोन कुंड्या पोचल्या.

याच काळात त्यांची मुलगी एका संगणक कंपनीत लागली आणि एका रविवारी चहाच्या वेळी म्हणाली, “बाबा, मी माझ्याबरोबरच्या एकाशी लग्न करतेय. यवतमाळकडचा आहे.” माझ्या बायकोच्या हातातली बशी कलंडली. दादांनी चहाचा घोट घेतला. “तू पाहिलास?” “हो.” “तुला हवा आहे?” “हो.” “मग झालं,” असं म्हणून त्यांनी कप खाली ठेवला. बायको बोलायला लागली, “अरे दादा, घराणं तरी, चौकशी तरी...” त्यावर ते म्हणाले, “अगं, निवडायचंय तिला. मी कशाला मध्ये बोलू?” आणि लगेच मला म्हणाले, “जावईबापू, उद्या पहाटे लोणी काळभोर.”

असं सातवं वर्ष लागलं आणि वहिनींना त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम मिळालं. हिंजवडीकडे एका संगणक कंपनीचं नवं आवार उभं राहत होतं. तिथं वर्षभर, दर आठवड्याला झाडं पोचवायची होती. एक खेप चुकली तर काम दुसऱ्याला जाणार होतं. पहिल्याच खेपेला संगम पुलावर गाडी बंद पडली. हौद्यात पाम डुलताहेत, मागे वाहनं कर्णे वाजवताहेत, आणि दादा बॉनेट उघडून त्या जुन्या इंजिनाला कान लावून उभे. शेवटी झाडं भाड्याच्या टेम्पोतून गेली, उन्हानं निम्मी मान टाकून. वहिनी एरवी कसब्यातलं स्वच्छ मराठी बोलत, पण चिडल्या की मांजरी बाहेर यायची. “तुमचं इंजिन येईस्तवर माझी झाडं वाळून जातील! पुढल्या मंगळवारी गाडी हिंजवडीला गेली न्हाई, तर मी ती भंगारात घालीन. आन तुमची ती यादीबी!”

यादीत तोवर तीनच इंजिनं उरली होती. एक ट्रॅक्टरचं, ताकद हत्तीची, पण हादरे असे की दात हलावेत. दुसरं जपानी, मांजरासारखं मऊ, पण सुटा भाग लागला तर मिळेल याची खात्री नाही. तिसरं इथलंच, नवं, साधं, ज्याच्याबद्दल चांगलं किंवा वाईट काहीच बोलता येत नाही असं. शुक्रवारी दादांनी आम्हां सर्वांना मांजरीला बोलावलं. कागद मांडले, तिन्ही इंजिनांचे गुणदोष वाचून दाखवले आणि प्रत्येकाला मत विचारलं. त्यांचा यवतमाळचा जावई जपानी म्हणाला, मुलगी तिसरं म्हणाली, माझ्या बायकोनं “दादा, जेवून घेऊ या का?” असं विचारलं. मी, ज्या कारणासाठी मला सात वर्षं हिंडवलं होतं त्याला जागून, काहीच सांगू शकलो नाही. मग दादा वहिनींकडे वळले. त्या गुलाबाची कलमं बांधत होत्या.

“अगं, तू सांग. तुला काय हवं?”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“कळायचं नाही, हवं काय ते सांग.”

वहिनींचे हात थांबले. मग इतक्या हळू म्हणाल्या, की आधी मला वाटलं त्या स्वतःशीच बोलताहेत. “इंजिन कुठलंबी बसवा. माझ्या बाजूचं दार आतनं उघडत न्हाई. तेवढं करा.”

मला एकदम आठवलं, सात वर्षं मीही त्याच बाजूला बसत आलो होतो. गाडी थांबली की दादा पुढून वळसा घालून येत आणि बाहेरून दार उघडत. मला तो जावयाचा मान वाटायचा. आतल्या खिट्टीला मी कधी हातही लावला नव्हता. वहिनी तर लग्न झाल्यापासून त्या जागेवर बसत होत्या. पावसात, उन्हात, दादा कुणाशी तरी इंजिनाबद्दल बोलत उभे असताना, काचेआड, ते येईपर्यंत.

“पण तू कधी बोलली नाहीस,” दादा म्हणाले.

“तुम्ही कधी विचारलंत?”

दादांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. पुलावर गाडी बंद पडली, कारखान्यानं घरी बसवलं, तेव्हाही नाही. आवाजावरून इंजिनाची दुखणी ओळखणारा हा माणूस स्वतःच्या हातभर अंतरावर बसलेल्या बाईचं दार पंचवीस वर्षं ऐकत होता, आणि ऐकू आलं नव्हतं. ते उठले, हत्यारांची पेटी आणली आणि दाराचं आतलं पान खोललं. आत एक तार गंजून तुटली होती. तिला नवी तार जोडायला त्यांना वीस मिनिटं लागली. मग हात न धुताच ते मला म्हणाले, “चला, तिसरं घेऊन टाकू.” मी म्हटलं, “दादा, आज? गार असताना पाहायला नको?” ते म्हणाले, “पुरे झालं पाहणं.”

शनिवारी इंजिन आलं. रविवारी आणि सोमवारी ते आणि मिस्त्री गाडीखालून बाहेर आले नाहीत. मंगळवारी पिकअप हिंजवडीला पोचली, झाडं ताठ मानेनं उतरली, आणि ते काम वहिनींकडे पुढे कितीतरी वर्षं राहिलं. त्या साध्या इंजिनानं एकदाही दगा दिला नाही. दादा त्याच्याबद्दल कधी चांगलं बोलले नाहीत, वाईटही नाही.

फक्त त्यांची सवय जाईना. गाडी थांबवली की ते वळसा घालून पलीकडे येत, आणि वहिनी आधीच खाली उतरून पदर खोचत उभ्या. दादा उघड्या दारापाशी हात अर्धवट पुढे करून थबकत. “आता मी काय करू?” “कुंड्या उतरवा,” वहिनी म्हणत. पण पुढे पुढे माझ्या लक्षात आलं, की कधीमधी, घाई नसली की, वहिनी दार उघडायच्याच नाहीत. मांडीवर हात ठेवून समोर बघत बसायच्या. दादा यायचे, बाहेरून दार उघडायचे, आणि त्या काही न बोलता उतरायच्या. याबद्दल दोघांत कधी बोलणं झालं असेल असं मला वाटत नाही.

दादा गेले ते झोपेत, कुणाला काही न विचारता. तेराव्यानंतर रोपवाटिकेला पाणी घालायला म्हणून आम्ही मांजरीला गेलो. आता तिथं चहूबाजूंनी इमारती आल्या आहेत. गाडी जावई चालवत होता, मी मध्ये, वहिनी पलीकडे. फाटकापाशी गाडी थांबवून तो उतरला आणि कुलूप काढायला गेला. वहिनींनी खिट्टीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. त्या समोर, गाडीच्या पुढच्या बाजूला पाहत होत्या. फाटक उघडून जावई परत आला आणि खिडकीतून वाकून म्हणाला, “आई, दार अडकलं का? मी येऊ तिकडून?”

“नको,” वहिनी म्हणाल्या. “उघडतंय.”

आणि तरी थोडा वेळ त्या तशाच बसून राहिल्या.