सुदेश धुरीच्या नावाचा नारळ

सुदेश धुरीला स्वस्थ बसलेलं मी एकदाच पाहिलं, आणि ते विमानतळावर. एरवी हा माणूस चहासुद्धा उभ्याने प्यायचा. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात आमचं गॅरेज होतं. मी स्पेअर पार्ट्सच्या स्टोअरला होतो आणि तो डेंटर होता, म्हणजे ठोकलेल्या गाड्यांचा पत्रा ठोकून सरळ करणारा. त्याचा हात फार चांगला होता, हे मला कबूल करावंच लागेल, कारण मी कोणाचं कौतुक सहजासहजी करत नाही. पण हातोडी खाली ठेवली रे ठेवली की सुरू व्हायची चुळबूळ. दारात जायचा, रस्त्याकडे बघायचा, परत यायचा. मी वैतागून विचारायचो, "अरे, कोणाची वरात येणार आहे का?"

वरात येणारच होती, म्हणजे तसं त्याला वाटत होतं. लग्न झाल्यावर वर्षाच्या आत तो इकडे आला, त्याला बारा वर्षं झाली होती. बायको रंजिता गावाला, सिंधुदुर्गात. दोन वर्षांनी एकदा सुट्टी मिळायची, त्यातली निम्मी नातेवाइकांच्या घरी जेवण्यात जायची. मूलबाळ नाही. आणि नव्व्याण्णव साली कंपनीने त्याला फोरमन केलं, त्याबरोबर बायकोला आणायचा हक्क मिळाला. गड्याने लगेच अजमानला एक खोली, स्वयंपाकघर आणि एवढीशी बाल्कनी असलेला फ्लॅट घेतला. माझ्या बायकोकडून, शोभनाकडून, पडदे शिवून घेतले, बाल्कनीत तुळस लावली. तुळस उन्हाने दोनदा करपली, तरी तिसरी लावली. तो स्वतः मात्र कंपनीच्या कामगार कॅम्पातच झोपायचा. ती येईपर्यंत तिथे राहायचं नाही म्हणे.

आणि नेमकी त्याच वेळी विधानसभेची निवडणूक लागली.

त्यांच्या मतदारसंघातले जुने आमदार थकले होते, पुन्हा उभं राहायचं नाही असं त्यांनी जाहीर करून टाकलं. जागा मोकळी झाल्यावर काय होतं ते सांगायला नको, गुळाला मुंगळे लागावेत तशी माणसं लागली. दोन मोठे पक्ष, त्यांचे बंडखोर, आणि या सगळ्यांत अपक्ष रंजिता सुदेश धुरी, निशाणी शिलाई मशीन. ही बाई आधी बालवाडी चालवायची, मग महिलांच्या राखीव जागेतून पंचायतीत गेली, सरपंच झाली, आणि तिने कामं अशी केली की आसपासच्या गावांतली माणसं तिच्या दारात येऊन बसू लागली. हे सगळं मला मुश्ताककडून कळलं. मुश्ताक आमच्या गॅरेजचा रिकव्हरी ड्रायव्हर, म्हणजे बंद पडलेल्या गाड्या ओढून आणणारा, सुदेशच्या शेजारच्याच गावचा. सुदेश स्वतः बायकोबद्दल इतकंच बोलायचा, "आमची साधी आहे हो."

साध्या बायकोने त्याला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "निवडून आले तर पाच वर्षं थांबा. पडले तर पुढच्या विमानाने येते."

झालं. कॅम्पात तर उत्सवच सुरू झाला. कोकणातली जेवढी पोरं होती तेवढी रोज फोनबूथवर रांग लावून घरी हुकूम सोडू लागली, "आई, शिलाई मशीन. विसरू नको." कोणी त्याला 'आमदारीणबाईंचे मिस्टर' म्हणून सलाम ठोकायचा. सुदेश हसायचा, आणि मग येऊन माझ्या स्टोअरच्या काउंटरवर बोटांनी ताल धरायचा. एका लँड क्रूझरचा दरवाजा त्याने असा ठोकला की होता त्याहून वाईट झाला. असं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं.

"काय चाललंय तुझं?" मी ओरडलो.

तो इकडेतिकडे बघून म्हणाला, "सुरेशभाऊ, पडू दे ती. देवाशप्पथ सांगतो, पडू दे."

मला त्याचा असा राग आला! "लाज नाही वाटत? तिथे ती उन्हातान्हात दारोदार फिरते आहे."

"वाटते. रोज वाटते. पण पाच वर्षांनी मी किती वर्षांचा होईन? तुमच्या घरी संध्याकाळी वहिनी असतात. तुम्हाला नाही कळायचं."

त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हा विचार मला नको होता, म्हणून मी त्याला ब्रेक पॅडचे खोके मोजायला लावले.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी सुदेशच्या भावाचा, किसनचा फोन माझ्या स्टोअरमध्येच आला. त्या वेळी सगळा गाव देवळात जमला होता. त्यांच्याकडची रीत मुश्ताकने मला नंतर समजावली. निवडणुकीत गावातलं कोणी उभं असेल तर त्या घरच्या कर्त्याने देवीपुढे नारळ ठेवायचा आणि म्हणायचं, हे माझ्या घरचं माणूस, गावाने पाठीशी राहावं. मग गावकार, म्हणजे गावचे मानकरी, देवीला गाऱ्हाणं घालतात आणि सगळ्या वाड्यांची मतं एका ठिकाणी पडतात. कर्ता परगावी असेल तर तो भावाला निरोप देतो, माझ्या नावाचा नारळ ठेव. पण निरोप हवाच. बाईने स्वतः ठेवायची रीत नाही, मग ती सरपंच असो की आणखी कोणी. घरच्यानेच नारळ ठेवला नाही, तर गावाने कशाला पाठीशी राहावं?

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी फक्त सुदेशला पाहत होतो. त्याने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. पलीकडे घंटा वाजत होती, ती मलाही ऐकू येत होती. किसनने काहीतरी विचारलं. सुदेशने वायर बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"मी काय सांगू?" तो शेवटी म्हणाला. "तुमका बरा वाटता ता करा."

आणि फोन ठेवला.

दारात मुश्ताक उभा होता. त्याचा चेहरा उतरला. "सुदेश, नारळाचं सांगितलं नाहीस?"

"खलास. झालं बोलून."

"लाव परत फोन. अजून उठली नसतील माणसं."

"खलास म्हटलं ना!" सुदेश बाहेर गेला आणि त्या उकाड्यात बंद गॅरेजभोवती फेऱ्या मारत राहिला. मुश्ताक मला म्हणाला, "हा नाही म्हणाला, सुरेशभाई. आमच्याकडे 'बरं वाटेल ते करा' म्हणजे नाहीच." मी स्वतः नंबर फिरवायला घेतला, पण एक तर लाइन मिळेना, आणि मिळून तरी मी कोण? नारळ धुरींच्या घरचा होता.

मतमोजणीच्या दिवशी कोणी धड काम केलं नाही. कधी बातमी यायची रंजिता पुढे, कधी मागे. सुदेश 'पुढे' ऐकलं की पांढरा पडायचा आणि 'मागे' ऐकलं तरी पांढरा पडायचा. संध्याकाळी नक्की कळलं. दुसऱ्या नंबरवर राहिली, थोडक्यात गेली. बाकीच्या गावांनी भरभरून दिलं होतं, तिच्या स्वतःच्या गावाने मात्र वाटेल तसं. एकगठ्ठा दिलं असतं तर निघाली असती, असं मुश्ताक म्हणाला, आणि त्या दिवसापासून तो सुदेशशी कामापुरतंच बोलू लागला.

सुदेशने तोंडावर हात घेतले. रडतोय की हसतोय ते मला कळेना. मग हात काढून म्हणाला, "येणार ती. शब्दाची पक्की आहे."

त्याने फोन केला तेव्हा रंजिताने तिकिटाचं ऐकून फक्त "बरं" म्हटलं, बाकी काही नाही. मुश्ताक सुट्टीवर गेला होता, तो येताना बायकोला, जैनबला, पहिल्यांदाच घेऊन येणार होता. त्यांच्याच विमानाचं रंजिताचं तिकीट सुदेशने काढलं. अजमानच्या फ्लॅटमध्ये तांदूळ, डाळ, कोकमं भरून ठेवली. आदल्या दिवशी जाऊन लादी पुसली. मला म्हणाला, "भाऊ, मासे आताच आणू की ती आल्यावर तिच्या पसंतीने?" मी म्हटलं, "तिच्या पसंतीने आण बाबा. एवढं तरी तिच्या पसंतीने होऊ दे." त्याला लागलं ते. लागावं म्हणूनच बोललो होतो.

शारजा विमानतळावर तो माझ्यासोबत आला तो तासभर आधी. कठड्यापाशी टाचा उंचावून उभा. ट्रॉल्या येत राहिल्या. मुश्ताक आला, त्याच्यामागे जैनब आली, बुजलेली, पदर सावरत. तिच्यामागे एक केरळी कुटुंब आलं. सुदेश त्यांच्याही मागे बघत होता.

"ती कुठे आहे?"

मुश्ताकने मान फिरवली. जैनबने ट्रॉलीवरच्या पिशवीतून सोललेला, शेंडी राखलेला एक नारळ काढला आणि दोन्ही हातांनी सुदेशपुढे धरला.

"हा तुमच्या नावाचा, सुदेशभाई. त्या संध्याकाळी देवळात ठेवायचा राहिला ना, तो. रंजिता म्हणाली, त्यांचा त्यांना दे. पुढच्या खेपेला ती स्वतःच्या नावाचा, स्वतःच्या हाताने ठेवणार आहे. गावकारांना तसं सांगून आली."

"पण पडले तर येते म्हणाली होती," सुदेश म्हणाला.

"मीही तेच म्हटलं तिला." जैनबने मान खाली घातली. "म्हणाली, मी पडले असते तर आले असते. मला पाडलं."

सुदेशने नारळ घेतला. मग मागे सरकत गेला आणि भिंतीजवळच्या बाकावर बसला. नारळ मांडीवर, हात नारळावर. मला त्याचा राग यायला हवा होता, आणि मला भडभडून आलं. मुश्ताकही त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला, किती तरी दिवसांनी.

"चल, यल्ला," मी म्हटलं. "गाडी लांब लावली आहे."

तो हलला नाही. दारातून पुढच्या विमानाची माणसं येऊ लागली, त्यांच्याकडे त्याने वरसुद्धा पाहिलं नाही.