करवलीचा कऱ्हा आणि मोटारीची ठिणगी

काल आमच्या दारात आडव्या लावलेल्या मोटारीविरुद्ध कडक तक्रारअर्ज लिहावयास बसलो, आणि तिच्या पेट्रोलच्या वासाने मी थेट माझ्या लग्नाच्या दिवशी अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर जाऊन पोहोचलो.

वऱ्हाडाची जुनी भाड्याची मोटार नागावच्या नारळीबागांत बंद पडली होती. रेवदंड्यास गोरज मुहूर्त होता आणि सूर्य समुद्राकडे कलला होता. नवरदेवाने वाटेत उतरू नये, असा आत्याचा हुकूम. म्हणून मुंडावळ्या सावरीत मी पुढच्या बैठकीवरूनच चालक कासमभाईंना नुकसानभरपाईची कलमे ऐकवीत होतो.

कासमभाईंनी प्लग काढून इंजिनाच्या लोखंडावर टेकवला व क्लीनरला हँडल फिरवावयास सांगितले. ठिणगी पडेना. तारा धड होत्या. मग त्यांनी माझ्या गुडघ्यांसमोरील, प्लगला वीज पुरवणाऱ्या कॉइलची लाकडी पेटी उघडली. आत पाणी! माझ्या बहिणीने, म्हणजे करवलीने, हात अवघडला म्हणून पाण्याने भरलेला कऱ्हा त्या पेटीवरच ठेवला होता.

"वकीलसाहेब," कासमभाई म्हणाले, "नोटीस आता कुनाला? मालकाला, का करवलीबाईला?"

"आधी पूस रे ते!" आत्या कडाडली. "मुलगी तिकडे हार घेऊन उभी असेल!"

माझ्या कोऱ्या शेल्याने पेटी कोरडी झाली. पुढे आयुष्यात पुष्कळ दावे जिंकलो. परंतु हा दावा हरताना झालेला आनंद कोणत्याही निकालाने दिला नाही. हँडल पुन्हा फिरले, प्लगच्या टोकाशी निळी ठिणगी तडतडली, आणि आत्याने हर्षभराने मुठीतल्या अक्षता माझ्याआधी इंजिनावरच टाकल्या.